कॅमेऱ्याचा मॅन्युअल मोड शिकवणाऱ्या काकांना

पुणे

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचे पहिले आभार ऑटो आयएसओ बंद करायला लावल्याबद्दल, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता (आयएसओ) कॅमेऱ्याला आपोआप ठरवू न दिल्याबद्दल. सूचना किरकोळ वाटते. पण तो चालू असेल तर शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) १/१२५ सेकंदावरून १/५०० केला तरी फोटो तेवढाच उजळ येतो, कारण कॅमेरा गुपचूप आयएसओ चौपट करतो. शिकणाऱ्याचा समज होतो की शटरनं उजेडात काही फरकच पडत नाही. तुम्ही आयएसओ २०० वर बांधलात, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) एफ/८ वर, आणि फक्त शटरचं चाक हातात दिलंत.

सरावाला शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा निवडलात, तोही विचार करूनच. दरवाजा उत्तराभिमुख, त्यामुळे हिवाळ्यात भर दुपारी ऊन वाड्यामागून येतं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा मध्यावर आणला तर आकाश छान आणि दरवाजा काळा. यावर तुमची रीत अशी: स्पॉट मीटर (चौकटीतला छोटा ठिपकाच मोजणारा) लावून सावलीतल्या दगडावर मोजमाप घ्यायचं, दगड गडद म्हणून त्यातून दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी करायचा, मग चौकट लावायची. काटा पुन्हा सरकला तरी आकड्यांना हात लावायचा नाही. आकाश पांढरं पडतं, ते चालणार आहे का हे ज्याचं त्यानं ठरवावं.

किट लेन्सचं (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सचं) तर बहुतेकांना माहीतच नसतं. १८-५५ मिमीची लेन्स १८ला एफ/३.५ उघडते, ५५ला जेमतेम एफ/५.६. झूम केलं की फोटो सव्वा-दीड स्टॉपनं काळवंडतो. झूम करायचंच असेल तर पहिल्यापासून एफ/५.६ धरावं.

खरी कसोटी ढोलपथकाची. टिपरू हवेत गोठवायचं तर १/५०० हवा, म्हणजे संध्याकाळी आयएसओ ३२००च्या पुढे. जास्त आयएसओमुळे फोटोत येणाऱ्या दाण्यांच्या भीतीनं ८००वर अडून फोटो नंतर संगणकावर उजळला, तर दाणे कमी होत नाहीत, सावल्यांत उलट जास्त टोचतात. मात्र मांडवाच्या एलईडीखाली हाच १/५०० पट्टे उमटवतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तिथे शटर १/१०० किंवा १/५०. मग टिपरू धूसर येणारच, चेहरा तेवढा स्थिर मिळवायचा. (रंग बदलत पळणाऱ्या रोषणाईला तुमच्याकडेही औषध नव्हतं!) वादकांचे पांढरे कुर्ते चौकटभर असले की मीटर त्यांना राखाडी करतो. तिथे एक स्टॉप वाढवायचा.

आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर विश्वास न ठेवण्याची ताकीद. अंधारात पडदा फार उजळ भासतो, म्हणून रात्रीचे फोटो घरी काळे निघतात. हिस्टोग्राम (फोटोतल्या काळ्या-उजळ भागांचा आलेख) डावीकडे, म्हणजे काळ्या बाजूला, चिकटलाय का, एवढं तिथल्या तिथे पाहायला लावलंत, त्याबद्दलही मनापासून आभार.

आपले,
रविवारच्या तुकडीतले विद्यार्थी