बाबा, तो करार मी का केला नाही

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

सोयाबीन घरात आलं, कपाशीचा पहिला वेचाही झाला, हे फोनवर ऐकून बरं वाटलं. पण बाबा, कापसाच्या भावाचं बोलता बोलता तुम्ही एकदम गाण्यांच्या त्या कंपनीशी मी न केलेल्या करारावर आलात, आणि मी काही सांगायच्या आत 'बरं बरं' म्हणून फोन आईच्या हातात दिलात. म्हणून लिहिते. कागद मधेच आईकडे देता येणार नाही.

रोख पैसे मिळत होते, हे खरंच आहे. पण त्या कागदावर रेकॉर्डिंगचे सगळे हक्क कायमचे त्यांच्याकडे जाणार होते. 2012 साली कॉपीराइटचा कायदा बदलला, तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. मी गाते त्या भुलाबाईच्या लोकगीतांना मात्र गीतकारच नाही, ती आईच्या आईकडून आलेली. त्यामुळे माझ्या हातात फक्त माझं रेकॉर्डिंग आहे. तेच विकलं, तर उद्या मी माझ्याच चॅनलवर माझं गाणं टाकलं की त्यांचा दावा येईल. बटईनं दिलेलं शेत हंगाम संपला की परत येतं, खरेदीखत झाल्यावर येत नाही. हे मी तुम्हाला काय सांगायचं!

आता व्ह्यूजचं. शेजारच्या गावचा तो पोरगा आठवतो ना, टिकटॉकवर नाचायचा, ज्याच्यासोबत फोटो काढायला वर्ध्याहून पोरं यायची? जून 2020 मध्ये सरकारनं टिकटॉक बंद केलं आणि त्याचे सगळे चाहते एका रात्रीत गेले. त्यातल्या एकाचाही नंबर त्याच्याकडे नव्हता. ती माणसं अ‍ॅपची होती, त्याची कधी झालीच नाहीत. यूट्यूबचंही तसंच आहे. गाणं कुणी ऐकलं ते त्यांना माहीत असतं, मला फक्त आकडा दिसतो. जाहिरातीचे पैसे यायला चॅनलला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहिलं जाणं लागतं, नाहीतर छोट्या शॉर्ट्सना नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज. स्पॉटिफायनं तर 2024 पासून नियमच केला, वर्षात 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याला एक पैसाही नाही. तिथं गाणी ठेवतेच मी, नाही असं नाही. पण त्यावर घर चालेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

माझा भरवसा वहीवर आहे. तुम्ही दुकानातून आणून दिलेली ती लांब हिशेबाची वही. कार्यक्रम संपला की मी ती घेऊन दाराशी बसते. नाव, गाव, फोन, आणि कुठलं गाणं परत ऐकावंसं वाटलं. लोकांना तिथल्या तिथं माझा नंबर सेव्ह करायला लावते, कारण व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्याच्याकडे आपला नंबर सेव्ह आहे त्यालाच पोचतो. एका यादीत 256 च माणसं मावतात, म्हणून याद्याही गावागावाच्या वेगळ्या केल्यात. तळेगावकडच्या एका कार्यक्रमात एक आजी आल्या. म्हणाल्या, "माहं नाव नोको लिहू माय, सुनेचं लिव. फोन तिचाच हाय." मी दोघींची लिहिली. पुढच्या खेपेला सून चार जणींना घेऊन आली आणि आजी सगळ्यांच्या पुढे बसल्या.

दुसरा एक माणूस, नाव नाही सांगत, गहू-चण्याच्या दिवसांत शेतातल्या पंपाला रात्रीची वीज असली की मला उशिरा निरोप पाठवतो. "रातची लाइन असली का तुमचं गाणं लावतो अन् ओलीत करतो. सोबत होते." मोबाइल खिशात, कानाला टोपी आणि हातात बॅटरी. त्याच्यासाठी मी एक गाणं नुसत्या खंजेरीवर, हळू लयीत केलं, कारण झगमग वाजणारं गाणं पाण्याच्या आवाजात अंगावर येतं असं तो म्हणाला. हे मला कुठल्या आकड्यानं सांगितलं असतं?

आणि आई, तू विचारतेस ना की लोक परत परत कशाला येतात. मी त्यांना कामाला लावते म्हणून! भुलाबाईच्या गाण्याचं कडवं अर्धंच येत असलं तर तसंच अर्धं पाठवते आणि विचारते, तुमच्याकडे पुढं काय म्हणतात? मग आर्वीचं एक येतं, दारव्ह्याचं दुसरं, कुणाची आत्या दोन्ही खोटी ठरवते. ज्या बाईचं कडवं गाण्यात आलं तिला ते गाणं स्वतःचं वाटतं, आणि ते साऱ्या नात्यागोत्यात ती स्वतः पोचवते. बाबा, तुमच्या गुरुदेव सेवा मंडळात दुसरं काय होतं? तुकडोजी महाराज 1968 साली गेले. पण गावोगावी खंजेरीवर त्यांची भजनं चालूच आहेत, कारण त्यांनी लोकांना नुसतं ऐकायला बसवलं नाही, म्हणायला लावलं. तुम्ही दर वर्षी त्यांच्या मोझरीच्या आश्रमात जाता ते काय कुणाच्या जाहिरातीमुळे?

एका अमेरिकन लेखकानं 2008 मध्ये हिशेब मांडला होता: हजार पक्के चाहते, प्रत्येकाकडून वर्षाला शंभर डॉलर, की कलाकाराचं पोट भरतं. आपल्याकडे शंभर डॉलर कोण देईल! मी पाचशे रुपये धरते. वर्षात दोन कार्यक्रमांची तिकिटं, एखाद्या गाण्यासाठी यूपीआयवर खुशीनं दिलेले पैसे, घरच्या बारशाला किंवा डोहाळजेवणाला बोलावणं. हजारांचे पाच लाख होतात. त्यातून वादक आणि गाडीभाडं वजा करा. हजार अजून खूप लांब आहेत, ते तुमच्यापासून लपवत नाही. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गाणंही म्हणून सोडलेलं नाही. खोलीचं भाडं त्यातूनच निघतं.

आता एक विनंती. तुम्ही माझं प्रत्येक गाणं नळ योजनेच्या ग्रुपवर टाकता, पोळ्याच्या वर्गणीच्या ग्रुपवर टाकता, सोसायटीच्याही टाकता. नका टाकू. पाणी कधी येणार ते बघायला आलेला माणूस वैतागतो आणि माझं नाव दिसलं की पुढं सरकतो. कुणी विचारलं, "पोरगी काय करते?", तर त्या एकालाच पाठवा. आणि त्याला कसं वाटलं ते मला कळवा.

माघात गावात कार्यक्रम करायचा विचार आहे. मंडळाचं सभागृह मिळतं का बघा. तारीख अशी धरा की त्या आठवड्यात आपल्या फीडरला दिवसाची लाइन असेल, नाहीतर अर्धं गाव वावरात राहील. आणि हो, पन्नास रुपये तिकीट लावणार आहे. तुम्हाला ते अवघड वाटणार, माहीत आहे मला. आपल्याच गावात पैसे कसे मागायचे, आणि आपले लोक गाण्याला पैसे देतात कुठे! बाबा, तिकडे गडचिरोलीत, वडश्याकडे झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात, आणि धान करणारी माणसं तिकीट काढून मंडपात बसतात. तिथले नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. तेही आपल्याच विदर्भातले लोक. फुकट आलेला मधेच उठून जातो, पैसे देऊन आलेला शेवटचं गाणं ऐकून कुरकुर करतो की लवकर संपलं.

आई, खाऊ ओळखायच्या गाण्याचं तुझं तिसरं कडवं फोनवर नीट ऐकू आलं नाही. रेकॉर्ड करून पाठव. मिक्सर बंद करून. आणि मामालाही तिकिटाचे पन्नास रुपये द्यावे लागतील, हे तूच त्याला सांग. माझं तो ऐकणार नाही.

तुमची,
ताई