सूचना: पगारी व लोकम (तात्पुरते, बदलीवर काम करणारे) जीपी (फॅमिली डॉक्टर) सभासदांची ऑनलाइन बैठक

इंग्लंडमधील सर्व मराठी जीपी सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता (ब्रिटनची वेळ) झूमवर बैठक आहे. लिंक शनिवारी याच ग्रुपवर येईल. पार्टनर (प्रॅक्टिसचे भागीदार-मालक) डॉक्टरही येऊ शकतात, पण आधी बोलतील ते पगारी आणि लोकम सभासद.

विषय एकच: आपली बाजू कोण मांडतं आणि तिथे आपण आहोत का? बीएमएची (ब्रिटिश मेडिकल असोसिएशन, डॉक्टरांची संघटना) सेशनल जीपी, म्हणजे पगारी व लोकम डॉक्टरांची, समिती आपल्यासाठीच आहे. स्थानिक एलएमसीही (लोकल मेडिकल कमिटी, त्या भागातल्या जीपींची प्रतिनिधी समिती) केवळ पार्टनरांची नाही. लोकम मंडळींपर्यंत तिचे निरोप बरेचदा पोचतच नाहीत, म्हणून यादीत आपलं नाव आहे का, हे आधी विचारून घ्या.

पगारी सभासदांनी करार आणि जॉब प्लॅन (आठवड्याच्या कामाचा आराखडा) जवळ ठेवावा. जीएमएस (एनएचएसचा राष्ट्रीय जीपी करार) असलेल्या प्रॅक्टिसला पगारी डॉक्टरांना बीएमएच्या मॉडेल (नमुना) करारापेक्षा कमी अटी देता येत नाहीत. त्यात एक सेशन (कामाची एक पाळी) ४ तास १० मिनिटांचं, आणि रक्ताचे रिपोर्ट, पत्रं, होम व्हिजिट सगळं त्यातच धरायचं. रोज रात्री घरी लॅपटॉप उघडावा लागत असेल तर आठवडाभराच्या वेळा लिहून आणा. तक्रारीपेक्षा ही नोंद जास्त कामाची.

लोकम सभासदांनो, एनएचएस पेन्शनचे ए (केलेल्या कामाची व मानधनाची नोंद) आणि बी (महिन्याच्या वर्गणीचा हिशेब) फॉर्म काम संपल्यापासून १० आठवड्यांत गेलेच पाहिजेत.

रुग्णाचं किंवा प्रॅक्टिसचं नाव बैठकीत कोणीही घेऊ नये.

नवा करार हातात आला असेल, तर बीएमएकडून तपासून घेतल्याशिवाय कृपया सही करू नका.

– संयोजक