चोरओटीआधीची नोंद : आमच्या वस्तीच्या आशाताईंना जाहीर पत्र

आदरणीय आशाताई,
सप्रेम नमस्कार.

माझी धाकटी जाऊ गेल्या हंगामात ऊसतोडीला गेली, नवव्या महिन्यात परत आली आणि ग्रामीण रुग्णालयात सुखरूप बाळंत झाली. घरच्यांनी तुमचे आभार तोंडी मानलेच आहेत. परंतु तुम्ही नेमके काय केलेत ते बीड जिल्ह्यातील आमच्यासारख्या इतर कोयत्यांच्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यांच्या, घरांनाही कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

गरोदरपणाची नोंद बारा आठवड्यांच्या आत व्हावी, असा आरोग्य खात्याचा आग्रह असतो. आमच्याकडची रीत अशी की तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरेपर्यंत दिवस गेल्याचे घराबाहेर बोलायचे नाही. म्हणजे ज्या मुदतीत नोंद हवी, नेमकी तीच मुदत गुपिताची. बाहेरचे लोक याला अडाणीपणा म्हणतात, ते मला पटत नाही. गर्भ पडण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांतच अधिक असतो, हे आमच्या सासवांनी अनुभवाने ओळखले आहे. आधी गाजावाजा झाला आणि पुढे काही विपरीत घडले, तर लोकांच्या प्रश्नांना तोंड त्या सुनेलाच द्यावे लागते.

जावेच्या बाबतीत तर तिला स्वतःलाही पत्ता नव्हता. थोरला अंगावर पीत होता, बाळंतपणानंतर पाळी सुरळीत झालीच नव्हती, त्यामुळे ती चुकली हे कळणार कसे? मळमळीला घरात सगळे पित्तच समजत होते. त्यातून दुसरी खेप. पहिल्या खेपेला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, म्हणून तरी बाई कागदपत्रे घेऊन लवकर निघते. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच ६,००० रुपये, तेही जन्मानंतर. मग रोज बुडवून आरोग्य केंद्रात जाण्याची घाई पोट दिसेपर्यंत कोण करणार?

गणपती उठल्यावर तुम्ही आलात ते थोरल्याचे वजन करायला. ‘काही बातमी आहे का?’ असे तुम्ही सासूबाईंना विचारले नाही. जावेला बाजूला घेऊन शेवटची पाळी केव्हा आली एवढेच विचारलेत आणि दिवस गेलेत का ते पाहण्याचे निश्चय किट तिच्या हातात ठेवलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवर दोन रेघा उमटल्या. सासूबाईंच्या कपाळावर आठ्या पडलेल्या पाहून तुम्ही म्हणालात, “चोरओटी तुमच्या वेळेला भरा, मावशी. माझ्या वहीतलं वस्तीत कुणाला कळणार नाही.” सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी तिला स्वतः उपकेंद्रात नेले, ते या एका वाक्यामुळे.

तेथे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८.२ निघाले, गरोदरपणात ते किमान ११ असावे लागते. हेच सातव्या महिन्यात कळले असते, तर भरून काढायला अवधी कितीसा उरला असता? फोलिक अ‍ॅसिड लगेच सुरू झाले आणि चौथा महिना लागताच लोहाच्या गोळ्या दिवसाला दोन. जाण्यापूर्वी तुम्ही पुढच्या गोळ्या मोजून दिल्यात, त्या चहाबरोबर घेऊ नकोस असे बजावलेत, आणि मातृ व बाल संरक्षण कार्डाचा फोटो माझ्या दिराच्या मोबाइलमध्ये काढून ठेवलात, कारण तोडीवरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, कागद भिजतात हे तुम्हाला ठाऊक होते. कारखान्याच्या भागातील आरोग्य केंद्रात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी डॉक्टर करतात, हेही तुम्हीच तिला सांगितलेत. तेथील सिस्टरांनी कार्ड पाहिले आणि मागची तपासणी केव्हा, महिना कितवा, यांपैकी एकही प्रश्न न विचारता पुढची नोंद केली. एरवी परमुलखातल्या बाईला या प्रश्नांची उत्तरे देता देता अर्धा दिवस जातो, आणि मुकादम त्या दिवसाचा खाडा धरतो तो वेगळाच.

मोबदला उशिरा मिळत असतानाही तुम्ही हे सारे केलेत, म्हणून आभार मानताना थोडा संकोचही वाटतो. यंदा दसऱ्याआधी टोळ्यांची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटली जाईल तेव्हा तुम्ही पुन्हा घरोघर फिराल. त्या वेळी मला हाक मारा. सुनांशी तुम्ही बोला, सासवांना मी बोलण्यात गुंतवून ठेवीन.

आपली कृतज्ञ,
धाकटीची थोरली जाऊ