मोटरच नाही तर जळणार कुठून?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या लेन्स स्वस्तात घेऊन डिजिटल कॅमेऱ्यावर वापरा असा लेख आला होता, छान होता, पण त्यातलं "जुनी लेन्स नव्या बॉडीवर (म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर) बसते" हे अर्धंच खरं आहे. बसते हो, फोकस करते का ते विचारा.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. माझ्याकडे रोलच्या जमान्यातली निकॉनची ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स पडून होती, ती पुतण्याला दिली, त्यानं नुकताच निकॉनचाच सेकंडहँड डी५६०० कॅमेरा घेतला होता. स्वारी पहाटे भिगवणला फ्लेमिंगो काढायला गेली आणि दुपारी तोंड पाडून परत, बटण अर्धं दाबलं तरी लेन्स जागची हलत नाही म्हणे. मला न विचारता दुकानात नेली, तिथं सांगितलं मोटर जळलीय, साडेचार हजार होतील. अहो, त्या लेन्समध्ये फोकस फिरवणारी मोटर नसतेच!

निकॉननं १९५९ चा एफ माउंट (लेन्स कॅमेऱ्याला अडकते ती कडी) सोडला नाही, त्यामुळे ऑटोफोकस आला तेव्हा मोटर बॉडीत ठेवली आणि माउंटवर स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखा छोटा दांडा दिला, तो लेन्सच्या मागच्या खाचेत बसून फोकस फिरवतो. डी९०, डी७२०० मध्ये ही मोटर आहे, डी३४००, डी५६०० सारख्या स्वस्त बॉडीत नाही. तिथं हातानं रिंग फिरवायची आणि व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावून बघायच्या खिडकीच्या) कोपऱ्यातला हिरवा ठिपका स्थिर झाला की क्लिक, एवढाच उपाय, आणि त्याला पैसे पडत नाहीत. निकॉनच्या आरसा नसलेल्या (मिररलेस) झेड कॅमेऱ्यावर जुन्या लेन्स बसवायचा एफटीझेड अॅडाप्टर लावला तरी या लेन्सना हातच लावावा लागतो. कॅननचं गणित वेगळं, १९८७ ला ईएफ माउंट आला तेव्हापासून मोटर लेन्समध्येच, त्यामुळे तिथं दुकानदार म्हणाला मोटर गेली तर खरंही असू शकतं.

मग तीच लेन्स मी माझ्या डी७२०० वर लावली. घर्रर्र करत फोकस झाला पण पक्ष्याचा डोळा मऊ आणि मागची शेपटी शार्प. इथं तुमचा पेपर कामाला आला! छोट्या जाहिरातींचं पान पुठ्ठ्याला चिकटवून तिरकं ठेवलं, कॅमेरा ट्रायपॉडवर, अॅपर्चर पूर्ण उघडं, एका ठरावीक ओळीवर फोकस केला, आधी व्ह्यूफाइंडरमधून मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. लाइव्ह व्ह्यूत तीच ओळ शार्प आली आणि व्ह्यूफाइंडरमधून काढलेल्यात "वधू पाहिजे" सोडून दोन ओळी मागचा "फ्लॅट विकणे" स्पष्ट, म्हणजे काच ठीक आहे, बॉडी आणि लेन्सचं जुळत नाहीये. मेनूत ऑटोफोकस पुढेमागे सरकवायचं एएफ फाइन ट्यून असतं, उणे वीस ते अधिक वीस, माझं उणे सातवर जमलं. पण त्या बॉडीत एका लेन्सला एकच आकडा ठेवता येतो, झूमच्या ३०० च्या टोकाला जुळवलं की ७० ला थोडं बिघडतं. मी पक्षीच काढतो त्यामुळे ३०० ला जुळवून मोकळा झालो.

दोन्हीकडे धूसरच आलं असतं तर मात्र मामला काचेचा. मागून टॉर्च मारून बघायचं, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये ठेवलेल्या लेन्सला ती लागतेच. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, तांदळाच्या डब्यात नको, पीठ आत जातं. आणि हो, सगळ्यात आधी व्ह्यूफाइंडरशेजारचं चष्म्याच्या नंबरचं चाक बघा, माझं वर्षभर चुकीच्या जागी होतं आणि मी लेन्सला शिव्या घालत होतो.

लेखाच्या पुढच्या भागात कुठली बॉडी मोटरवाली आणि कुठली बिनमोटरची याचा एक तक्ता छापाल का? पुतण्यानं ती झूम माझ्या गळ्यात परत मारलीय आणि माझी मोटर आतच असलेली १८-१४० लेन्स घेऊन गेलाय, कधी आणणार विचारलं तर म्हणतो काका तुमची सवय आहे ना हाताची.

आपला,
एक वाचक, पुणे