तू पाठवलेले बारा ठोके

सांगली, रविवार सकाळ

प्रिय दोस्ता,

फोनच केला असता पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, हो हो करतोस आणि विषय पावसावर नेतोस, म्हणून म्हटलं आज बसून लिहूनच काढू. आयर्विन पुलापर्यंत फिरून आलो, चहा झाला, हिला सांगून ठेवलंय की तासभर हाक मारू नको.

परवा तू व्हॉट्सअ‍ॅपवर ईसीजीचा, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखाचा, फोटो टाकलास आणि खाली लिहिलंस, "नॉर्मल! मिटला विषय." त्याच रात्री वहिनींचा फोन आला. अजिंक्यतारा चढताना हल्ली तू मधेच थांबतोस, छातीत आवळल्यासारखं होतं, दोन मिनिटं उभा राहिलास की जातं, आणि घरी सांगतोस गॅस झालाय. मर्दा, गॅसला चढ-उतार कळत नसतो. चढावर येतं आणि थांबलं की जातं, ते काय असतं हे तुला दोन वर्षांपूर्वी अँजिओ, म्हणजे हृदयाच्या नळ्यांची तपासणी, झाली तेव्हाच सांगितलेलं, ब्लॉकेज आहे, सध्या गोळ्यांवर भागेल, पण लक्ष ठेवा. ते लक्ष ठेवायचं म्हणजे दर सहा महिन्यांनी ईसीजीची एक पट्टी काढून कपाटात टाकायची असं तू धरून बसलायस.

मी डॉक्टर नाही, बावीस वर्षं पट्ट्या काढणारा माणूस आहे, पण तुझी पट्टी मोठी करून नीट बघितली. चांगली आहे. मशीननं वर छापलेलं पण खोटं नाही. आता साधं गणित बघ, कागद सेकंदाला २५ मिलिमीटर पळतो, बारीक चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, अख्ख्या पट्टीत धरून १० सेकंद. तुझे ठोके मिनिटाला ७२. म्हणजे बारा ठोके झाले. दिवसाला लाखभर ठोके पडतात त्यातले बारा तू मला पाठवलेस, ते पण पलंगावर पडून, फॅनखाली. दुखतं चढावर आणि तपासलास आडवा पाडून!

तुझ्या शेतातली पाइपलाइन आठव. एकच कॉक चालू असला की पाणी झकास येतं, आत गाळ बसलाय हे कळतच नाही, सगळे कॉक सोडले की मग शेवटचा वाफा कोरडा राहतो. हृदयाच्या नळीचं तसंच, झोपल्यावर लागणारं रक्त अरुंद नळीतूनही पुरतं म्हणून पट्टी सरळ येते. असं चढावर दुखणाऱ्या पेशंटांत जवळजवळ निम्म्यांची झोपून काढलेली पट्टी नॉर्मलच असते. निम्म्यांची!

म्हणजे ती पट्टी फुकट असते असं पण नाही हां. झोपल्या झोपल्याच जर क्यू वेव्ह, म्हणजे ठोक्याच्या सुरुवातीलाच खोल खाली जाणारी लाट, दिसली तर कधीतरी अटॅक येऊन तिथला स्नायू मेलाय असं वाटतं, क्यूआरएस, म्हणजे ठोक्याची उंच टोकदार लाट, १२० मिलिसेकंदांच्या वर रुंद, तिच्या पुढची एसटीची सपाट रेघ खाली बसलेली, त्यापुढची गोल टी लाट उलटी, डावा बंडल ब्लॉक म्हणजे हृदयातली डावीकडची विजेची वाट अडलेली, बीपीनं जाड झालेल्या हृदयाच्या उंच उंच लाटा, यातलं काही असलं की तो पेशंट जास्त जोखमीचा म्हणून डॉक्टर आधीच सावध होतात. तुझ्यात यातलं काही नाही ही चांगलीच बातमी, मी नाही कुठं म्हणतोय.

आणि पट्टीची खरी किंमत जुन्या पट्टीशेजारी ठेवल्यावर कळते. एखाद्याची टी वेव्ह वर्षानुवर्षं उलटीच असते, एखाद्याची काल सरळ होती आणि आज उलटली, एकटा कागद बघून हे कसं कळणार? म्हणून जुन्या पट्ट्या जप, पण कशा जपतोस ते पण बघ. मागं मिरजेकडचे एक आजोबा आले, मोठ्या हौसेनं फाइल उघडली, पट्टी लॅमिनेट करून आणलेली आणि अख्खी काळीकुट्ट! तो कागदच उष्णतेवर छापणारा, लॅमिनेशनच्या गरम रोलरमधून गेला की संपला, आणि नुसता ठेवला तरी काही वर्षांत पुसट होतो. तर झेरॉक्स काढून ठेव, मोबाइलवर फोटो ठेव, लॅमिनेशन मात्र अजिबात नको.

आता मुद्द्याचं. तुला टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवत ईसीजी काढायची तपासणी, करायला सांगितलीय आणि तू सहा महिने टाळतोयस. तुला वाटतं त्यात पास-नापास असतं. नसतं रे तसं. सिएटलच्या डॉक्टर रॉबर्ट ब्रूस यांनी बसवलेली पद्धत आपल्याकडं पण चालते, दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात, सुरुवातच १० टक्के चढानं, म्हणजे तुझा अजिंक्यताराच, फक्त अंगाला वायरी लावून आणि शेजारी डॉक्टर उभे करून. मग त्यातून ड्यूक विद्यापीठातल्या लोकांनी काढलेला एक स्कोअर मांडतात, तो मला फार आवडतो कारण हिशेब बोटावर होतो. किती मिनिटं चाललास ते घे, एसटी जितके मिलिमीटर हलली त्याची पाचपट वजा कर, मग छातीत दुखलं का ते बघ, नाही तर शून्य, दुखलं पण चालत राहिलास तर एक, दुखण्यामुळंच थांबावं लागलं तर दोन, त्याची चौपट वजा कर. नऊ मिनिटं चाललास, बाकी काही नाही, झाले अधिक ९. चार मिनिटांत थांबलास, एसटी दोन मिलिमीटर खाली आणि दुखण्यानं थांबलास, तर ४ वजा १० वजा ८, म्हणजे उणे १४. अधिक ५ किंवा वर असेल तर कमी जोखीम, उणे ११ किंवा खाली गेलं तर जास्त, मधलं ते मध्यम. १९९१ साली त्यांनी छापलेल्या आकड्यांत कमी जोखमीचे ९९ टक्के लोक चार वर्षांनी जिवंत होते आणि जास्त जोखमीचे ७९ टक्के. हे सगळं एका कागदावरून आणि एका घड्याळावरून, बघ की.

थांबल्यावरचं एक मिनिट पण मी डोळे फाडून बघतो. नाडी पहिल्या मिनिटात किती उतरते ते मोजायचं, १२ किंवा त्याहून कमी उतरली तर लक्षण बरं नाही, १९९९ मध्ये मोठ्या अभ्यासात दिसलेलं हे. पट्ट्यावरून उतरल्या उतरल्या पेशंट म्हणतो झालं का, मी म्हणतो थांबा, आता खरं सुरू झालं.

तू विचारलेलंस की मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा होतो त्याला गोळी नाही का. ऐक. अटॅक येऊन गेलेल्यांत असे जादा ठोके जास्त असले की धोका जास्त, हे माहीत होतं, म्हणून अमेरिकेत ते ठोके दाबणाऱ्या गोळ्या देऊन बघितल्या, ठोके छान दबले, पट्टी सुंदर झाली, आणि १९८९ ला त्यातल्या दोन गोळ्या मधेच थांबवाव्या लागल्या कारण त्या खाणारे लोकच जास्त मेले. मला हे कळलं तेव्हा रात्रभर डोक्यात फिरत होतं. आपण आयुष्यभर कागद सुधारायच्या मागं असतो आणि कागद सुधारला म्हणून आतलं हृदय सुधारतंच असं नाही. आणि उलटं सांगू का, घड्याळासारखा अगदी सारख्या अंतरानं पडणारा ठोका पण चांगला नाही. १९८७ च्या एका अभ्यासात अटॅक येऊन गेलेले ८०८ पेशंट होते, २४ तासांच्या होल्टरवर, म्हणजे अंगावर लावून ठेवायच्या ईसीजीवर, ज्यांच्या ठोक्यांतल्या अंतरात फार कमी चढउतार होता ते भरपूर चढउतार असलेल्यांपेक्षा पाचपट मेले. थोडी लय हलती असलेलीच बरी, मिरजेच्या तंबोऱ्यावाल्याला विचार.

तर तुझं असं. पुढच्या गुरुवारी सकाळी ये. आदल्या रात्री तुझ्या गोळ्या डॉक्टरांना फोन करून विचार, त्यातली एक नाडी दाबते आणि मग तुझ्या वयाला मिनिटाला १४१ च्या आसपास जायला पाहिजे तिथं नाडी जातच नाही, पण स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करू नको. भरपेट खाऊन येऊ नको. आणि तोवर गड बंद, समजलं? बसल्या जागी आवळलं, घाम आला, हाताकडं कळ गेली तर ना मला फोन ना टीएमटी, सरळ १०८ लावायचा.

येताना बूट आण. मागच्या महिन्यात एक जण कोल्हापुरी चप्पल घालून पट्ट्यावर चढले, तिसऱ्या मिनिटाला चप्पल एकीकडं आणि ते दुसरीकडं, मी धरले म्हणून बरं. वहिनींना घेऊन ये, त्यांच्यासाठी भडंग घेऊन ठेवलाय.

तुझाच,
पट्टीवाला