कडीपाट झाकलात, भिंतींना लोणा लागलाय, आणि वर म्हणे टेक्श्चर

प्रति मॅनेजमेंट (कस्टमर केअरला फॉरवर्ड करू नका, त्यांच्याशी आत्ताच बोलून झालंय),

जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्याच्या वरच्या मजल्याचं इंटिरियर तुमच्या 'हेरिटेज लॉफ्ट' पॅकेजमध्ये करायला दिलं, म्हणजे जुनं बांधकाम जसंच्या तसं दिसायला हवं. प्रेझेंटेशनमध्ये सागवानी तुळया उघड्या, कडीपाट (तुळयांवरचं लाकडी फळ्यांचं छत) उघडा, चुन्याच्या भिंती तशाच, देवळ्यांत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यांत, लाइट. सही केली ती हे बघून. आणि आम्ही गावाला गेलो तेवढ्यात तुमच्या टीमने अख्ख्या कडीपाटाखाली जिप्समचं फॉल्स सीलिंग ठोकलं, साडेअकरा फुटांची उंची साडेआठवर आणली, देवळ्या प्लायने बंद. वायरिंग लपवायला सोपं पडतं म्हणे. हेच हवं होतं तर गंगापूर रोडला नवा फ्लॅट नसता का घेतला?

भिंतींचं तर विचारूच नका. चुन्याची भिंत ओल पिते आणि सोडते, वाड्यात राहिलेल्या कुठल्याही आजीला माहितीय, तुम्ही त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चोपडलात, मग ओल जाणार कुठे? पावसात आधी फुगे, मग पोपडे, आता लोणा, भिंतीतला क्षार बाहेर येतोय. बोट फिरवलं की पांढरी पूड.

आता आजचा कॉल. तुमचा रिलेशनशिप मॅनेजर म्हणतो, "मॅम, फोटो पाहिले, ते पांढरं म्हणजे टेक्श्चर आहे." मी म्हटलं, टेक्श्चर खाली पडतं का? तर म्हणे, "हेरिटेज लुकमध्ये असं येतंच मॅम, लोक हल्ली पैसे देऊन करून घेतात." मी म्हटलं, मीही पैसेच दिलेत, वर १८ टक्के जीएसटी. मग जरा थांबून, अगदी गोड आवाजात, "मॅम, घरात सर आहेत का? टेक्निकल आहे, त्यांच्याशी बोलतो." सरांना पोपडा वेगळा दिसतो का हो? वाडा माझ्या आजोबांचा, करार माझ्या नावावर, चेक माझे! तरी शेवटी काय, तर "मुळात वाडाच जुना आहे ना मॅम." अहो जुना आहे म्हणूनच तर तुम्ही रेट चढवून लावलात!!

आणि परत सांगते, कडीपाट. इतक्या वर्षांच्या सागाला स्क्रू मारलेत, वर वाळवी लागली किंवा पाणी झिरपलं तर बघायचं कुठून, साधी झडपसुद्धा ठेवली नाहीत. तुमचं नाव ऐकून आलो होतो, नावच राहिलंय बहुतेक.

सीलिंग तुमच्या खर्चाने उतरवा, देवळ्या मोकळ्या करा, पुट्टी खरवडून चुन्याचा गिलावा करून द्या, आणि त्यासाठी चुन्याचं काम येणारा गवंडी आणा, पेंटवाला नको. लेखी कळवा. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात जाते, ५० लाखांपर्यंतचं तिथेच चालतं, माझं बिल त्याच्या आतच आहे. शिवाय २०२७ च्या सिंहस्थासाठी वाड्यांचे होमस्टे करून देतो अशा जाहिराती लावल्यात ना तुम्ही, तर पंचवटीतल्या वाडेवाल्यांना माझ्या भिंतींचे फोटो मी स्वतः नेऊन दाखवीन.

तोवर शेवटचा हप्ता मिळणार नाही, रिमाइंडरचे मेसेज बंद करा.