बायपासच्या आदल्या रात्रीची पंधरा मिनिटं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बायपासचा खर्च, जन आरोग्य योजनेची कागदपत्रं, कुठे किती बिल होतं, यावर वर्तमानपत्रांत बरंच छापून येतं. फेब्रुवारीत माझी हृदयाची बायपास झाली, तीन ग्राफ्ट, म्हणजे तुंबलेल्या जागांना वळसा घालून जोडलेल्या तीन शिरा. पैशाचं सगळं वाचून, विचारून गेलो होतो. भीतीचं कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी महावितरणचा निवृत्त लाइनमन. पस्तीस वर्षं खांबावर चढलो, भर पावसात, रात्री-अपरात्री. हा माणूस कशाला घाबरतोय, असं घरच्यांनी धरून चाललेलं आणि मीही तसाच आव आणलेला. पण आदल्या संध्याकाळी छातीवरचे केस काढून झाले, हाय रिस्कच्या कागदावर मुलानं सही केली, गळ्यातली माळ काढून बायकोनं पदराच्या टोकाला बांधली आणि माझे हातपाय गार पडले. नऊ वाजता वरचं बीपी १७०. डॉक्टर राउंडला आले, ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. टेन्शन काय मी दुकानातून विकत घेत होतो?

त्यानंतर रात्रपाळीची सिस्टर आली. केरळची, मराठी कामचलाऊ. स्टूल ओढून बसली, तेवढ्यानंच निम्मं बरं वाटलं, कारण तोवर माझ्याशी सगळे उभ्याउभ्याच बोलत होते. म्हणाली, ‘‘काका, उद्या उठशील तेव्हा बोलता येणार नाय. घशात नळी असते. चुकून ओढू नये म्हणून हात बांधतात. घाबरायचं नाय. मी विचारणार, तू मान हलवायची.’’ छातीच्या नळ्यांतून डब्यात रक्त उतरताना दिसेल, ते बाहेर आलेलंच चांगलं, हेही सांगितलं. मॉनिटर मध्येच वाजतो, तो दर वेळी धोक्याचाच नसतो. पायाची शीर काढतात, तेव्हा छातीपेक्षा पाय जास्त ठणकला तर नवल वाटून घेऊ नको. मग छातीशी उशी घट्ट धरून खोकायला शिकवलं, फुप्फुसाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र असतं, त्यातून श्वास ओढायला लावला. शेवटी विचारलं, ‘‘सगळ्यात जास्त भीती कशाची?’’ मी म्हणालो, शुद्ध आली आणि काही सांगताच आलं नाही तर? तिनं बोटांच्या खुणा ठरवून दिल्या. एक बोट म्हणजे दुखतंय, दोन म्हणजे श्वास पुरत नाही.

पंधरा मिनिटं गेली असतील. अकराला बीपी १४०. रक्तवाहिन्या आधीच तुंबलेल्या असताना भीतीनं नाडी आणि बीपी चढणं म्हणजे थकलेल्या हृदयावर आणखी लोड, हे मला लाइनमन म्हणूनही कळतं. आमच्या कामात लाइन बंद केल्याचं परमिट हातात पडल्याशिवाय कुणी तारेला हात लावत नाही. नुसतं ‘काही होणार नाही’ म्हणून चालत नाही. कुठून कुठपर्यंत बंद आहे ते सांगावं लागतं. सिस्टरनं मला परमिटच दिलं म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत डोळे उघडले तेव्हा नळी होती, हात बांधलेले होते, आणि मला ते आधीच ठाऊक होतं. दोन बोटं वर केली, सिस्टरनं नळीतला कफ ओढून काढला. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना रात्रीत धावपळ करून आणलेलं, त्यांना आधी सांगायला कुणाला वेळच मिळाला नसणार. शुद्धीवर आल्यावर ते इतके झटत होते की तिघांनी मिळून धरलं. आपल्याला डांबून ठेवलंय, असं त्यांना वाटत होतं.

पुतणी नर्सिंगला आहे. तिनं सांगितलं की बोस्टनमधल्या डॉक्टरांनी १९६४ सालीच हे तपासून छापलंय. पोटाच्या ऑपरेशनचे ९७ रुग्ण होते. त्यांतल्या काहींना भूलतज्ज्ञांनी आधी भेटून, दुखेल कुठे, किती, आणि तेव्हा काय करायचं, हे नीट सांगितलं. त्यांना नंतर वेदनेची औषधं इतरांच्या निम्मीच लागली. ते पोटाचं ऑपरेशन होतं, हृदयाचं नव्हे, हे खरं. पण आपल्याकडे भूलतज्ज्ञ पाच मिनिटं येतात. रात्रभर वॉर्डात असते ती सिस्टर.

आणि तिला वेळ कुठून मिळणार? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आयसीयूत एका रुग्णामागे एक परिचारिका असा आहे. वॉर्डात, शिकवण्याच्या रुग्णालयांत तिघांमागे एक, इतरत्र पाचांमागे एक. मी होतो त्या वॉर्डात रात्री अठ्ठावीस खाटांना दोन सिस्टर होत्या, त्यांतली एक निम्मा वेळ रजिस्टरं भरत बसलेली. माझ्याशी बोलली ती पंधरा मिनिटं तिनं स्वतःच्या जेवणातून काढली. डबा तसाच टेबलावर होता.

इंजेक्शन दिलं, बीपी घेतलं, कॅथेटर काढला, सगळ्याची नोंद केस पेपरवर होते. रुग्णाला समजावल्याची मला तरी कुठे दिसली नाही. नोंद नाही म्हणजे व्यवस्थापनाच्या हिशेबी ते कामच नाही, आणि त्यासाठी माणूसही मंजूर होत नाही. माझी मागणी एवढीच आहे की हृदयाच्या प्रत्येक ठरलेल्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी परिचारिकेनं रुग्णाला त्याच्या भाषेत समजावणं केस पेपरवर वेळेसकट लिहावं, आणि परिचारिकांच्या जागा ठरवताना तो वेळ धरावा. काही ठिकाणी न बोलताच सही ठोकतील, हे मलाही कळतं. परमिटावर आधीच सह्या करून ठेवलेल्या मीही पाहिल्यात. तरी परमिटाची पद्धत आहे म्हणून आमच्यातले कितीतरी जण पेन्शन घेतायत.

आपला,
एक निवृत्त लाइनमन, कराड
(कृपया नाव छापू नये.)